‘आहे’ आणि ‘नाही’: अथेन्सपासून वेरूळपर्यंतचा एक वाद

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या वाटेवर नागसेनवन लागते. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फार तोकडी होती तेव्हा, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने इथे महाविद्यालय सुरू केले आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले. मिलिंद म्हणजे मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यावर पंजाबात राज्य करणारा हा ग्रीक राजा. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचे सियालकोट. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक मजकूर आहे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतला प्राकृत. नागसेन नावाच्या भिक्खूशी त्याने वाद घातला, त्याला उत्तरे पटत गेली आणि शेवटी तो उपासक झाला, अशी ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथाची कथा आहे. विद्येच्या घराला वादात आपली बाजू सोडणाऱ्या राजाचे नाव द्यावे, यात बाबासाहेबांची विद्येकडे पाहण्याची दृष्टी दिसते.

या ग्रंथात ‘मेण्डकपञ्ह’ नावाचा एक मोठा विभाग आहे. मेंढ्याला दोन शिंगे असतात तसे हे दुधारी प्रश्न. राजा बुद्धाची दोन वचने समोरासमोर ठेवतो आणि म्हणतो, हे खरे असेल तर ते खोटे, ते खरे असेल तर हे खोटे. बोला, कोणते सोडता? एके ठिकाणी सांगितले आहे की मृत्यूला सगळेच भितात. दुसरीकडे म्हटले आहे की अर्हत, म्हणजे मुक्तीला पोचलेला माणूस, सगळ्या भयांच्या पलीकडे गेलेला असतो. मग अर्हत मरणाला भितो की नाही? ‘दोन्ही वचने आपापल्या जागी खरी, श्रद्धेने घ्या’ असे सांगून नागसेनाला सुटता आले असते. तो तसे करत नाही. पहिल्या वचनातला ‘सगळे’ हा शब्द ज्यांचा मोह सुटलेला नाही त्यांच्यापुरता आहे, अर्हत त्या गणनेत नाही, असे तो दाखवतो. म्हणजे दोन्ही वचने जशीच्या तशी एकत्र उभी राहू शकत नाहीत, हे त्यालाही मान्य आहे. हा विभाग ग्रंथाच्या चिनी भाषांतरांत सापडत नाही, त्यामुळे तो नंतर जोडला गेला असावा असे अभ्यासक मानतात. त्यात खुद्द ग्रीक राजाचा आवाज ऐकू येतो असे म्हणता येणार नाही. पण तो रचणाऱ्या भिक्खूंना विसंगती खुपत होती, हे उघड आहे.

हे आधी सांगण्याचे कारण असे की ‘पाश्चात्त्यांचा विचार हे किंवा ते असा, आणि आपला हेही व तेही असा’ हे विधान आपल्याकडे व्याख्यानांतून आणि पुस्तकांच्या प्रस्तावनांतून सतत ऐकू येते. त्याला पुरावा म्हणून पुष्कळदा वेरूळकडेच बोट दाखवले जाते. चौतीस लेणी, पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा ब्राह्मणी, शेवटची पाच जैन. तीन धर्म एका डोंगरात नांदले, म्हणजे तिघांचेही म्हणणे एकदम खरे मानले गेले, असा निष्कर्ष लोक काढतात. माझ्या मते हे वाचन साफ चूक आहे. तिथे राहणाऱ्या परंपरा एकमेकींना शेजार देत होत्या, सवलत देत नव्हत्या. परस्परविरोधी गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात का, याच प्रश्नावर त्यांनी शतकानुशतके एकमेकींना धारेवर धरले. तेच ग्रीकांनीही केले, आणि ग्रीकांचेही आपसांत एकमत नव्हते. म्हणून दोन्हीकडचा वाद एकत्र पाहायला हवा.

ग्रीकांकडे या वादाचे पहिले सूर इसवी सनापूर्वी ५०० च्या आसपास ऐकू येतात. एफिससचा हेराक्लायटस म्हणे की समुद्राचे पाणी सर्वांत शुद्ध आणि सर्वांत दूषितही आहे. वर जाणारा आणि खाली येणारा रस्ता एकच आहे. त्याच सुमारास इटलीतल्या एलिया गावचा पार्मेनिडीस नेमके उलट टोक धरून बसला होता. जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. ‘नाही’चा विचारसुद्धा करता येत नाही. ‘आहे आणि नाही’ एकाच तोंडाने बोलणाऱ्यांना त्याने दोन डोक्यांची माणसे म्हटले. हेराक्लायटसची विधाने नीट वाचली तर त्यांतला विरोध बराचसा विरघळतो, कारण समुद्राचे पाणी माशांना जीवन देते आणि माणसाला बाधते असे तो स्वतःच सांगतो. पण त्याच्या नावावर पुढे आलेल्यांनी एवढा तपशील ठेवला नाही. क्रॅटिलस तर म्हणू लागला की त्याच नदीत दोनदा काय, एकदाही उतरता येत नाही. सगळेच क्षणोक्षणी बदलत असेल तर नाव तरी कशाला द्यायचे? शेवटी त्याने बोलणे सोडले आणि नुसते बोट हलवू लागला, असे ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात या प्रश्नाला सार्वजनिक तोंड फुटले. अथेन्सच्या सभेत आणि न्यायालयात वक्तृत्वावर माणसाचे भवितव्य ठरत होते. अब्देराच्या प्रोटॅगोरसने सांगितले की माणूस हाच सर्व गोष्टींचे माप आहे. वारा मला गार लागला तर माझ्यासाठी गार, तुम्हाला लागला नाही तर तुमच्यासाठी गार नाही. मग खोटे असे काही उरतच नाही. सॉक्रेटिसच्या परिवारातला अँटिस्थेनिस त्याहून पुढे गेला. कोणी कोणाला विरोध करूच शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते: दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील तर दोघे तेच बोलतात, आणि वेगळे बोलत असतील तर वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतात. ऐकायला ही कोटी वाटते. पण ती मान्य केली की चर्चा, साक्ष, उलटतपासणी, सगळेच बंद पडते. प्लेटोला हा धोका कळला होता. त्याने प्रोटॅगोरसला विचारले, तुझे मत चूक आहे असे ज्यांना वाटते, त्यांचेही वाटणे तुझ्या मापाने खरेच ना? मग तुझे मत चूक आहे हे तूच कबूल करतोस. ‘रिपब्लिक’मध्ये त्याने फिरणाऱ्या भोवऱ्याचे उदाहरण दिले. भोवरा स्थिर आहे की फिरतो आहे? आसाच्या दृष्टीने स्थिर, परिघाच्या दृष्टीने फिरता. एकाच बाजूने दोन्ही नाही. आणि ‘सोफिस्ट’ या संवादात तर त्याने गुरुस्थानी असलेल्या पार्मेनिडीसवरच शस्त्र धरले: ‘नाही’ म्हणजे शून्य नव्हे, ‘नाही’ म्हणजे दुसरे काहीतरी. हे झाड वड नाही म्हणजे ते वडाहून वेगळे आहे.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर ॲरिस्टॉटल आला. ‘मेटॅफिजिक्स’च्या चौथ्या पुस्तकातली तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतची प्रकरणे हा या वादाचा गाभा. त्याचे सूत्र असे: एकच धर्म एकाच वस्तूला, एकाच वेळी आणि एकाच बाजूने, असणे आणि नसणे शक्य नाही. आपल्याकडे तर्कशास्त्रात याला अव्याघाताचा नियम म्हणतात. ॲरिस्टॉटलने त्याला सर्वांत पक्के तत्त्व म्हटले आणि लगेच एक अडचण मान्य केली. सगळ्या सिद्धता ज्यावर उभ्या राहतात, त्याची सिद्धता द्यायची कशी? प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणे हे त्याच्या मते शिक्षणातल्या उणिवेचे लक्षण. म्हणून तो सिद्धता देत नाही, प्रतिवाद्याला पेचात पकडतो. तुला हा नियम मान्य नाही? ठीक. वाद घालू नकोस, फक्त एक शब्द बोल, आणि त्या शब्दाने तुला स्वतःला व मला काहीतरी अर्थ कळू दे. ‘माणूस’ म्हण. तू ‘माणूस’ म्हटलेस आणि ‘माणूस नाही’ असे म्हटले नाहीस, तेवढ्याने नियम मान्य केलास. काहीच बोलायला तयार नसशील तर तू वनस्पतीसारखा आहेस, तुझ्याशी वाद कसला?

त्यानंतरचा युक्तिवाद मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो शब्दांतून आचरणात येतो. असणे आणि नसणे सारखेच आहे असे ज्याला खरोखर वाटते, तो मेगारा गावाला जायचे म्हणून चालत का निघतो? चालणे आणि न चालणे एकच असेल तर घरी बसून राहावे. पहाटे उठून तो विहिरीत किंवा कड्यावरून खाली का जात नाही? जपून चालतो, म्हणजे पडणे आणि न पडणे सारखेच चांगले असे त्याला वाटत नाही. तोंडाने काहीही म्हटले तरी पाय खरे बोलतात. हेराक्लायटसच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या मताबद्दलही ॲरिस्टॉटल एवढेच म्हणतो की माणूस जे बोलतो ते त्याला वाटतेच असे नाही.

आता पुन्हा मिलिंदाकडे. राजा विचारतो, पुनर्जन्म घेणारा तोच असतो की दुसरा? नागसेन सांगतो, तोही नाही आणि दुसराही नाही. ॲरिस्टॉटलचा विद्यार्थी इथे ताठ होऊन बसेल. तोच नाही तर दुसरा असलाच पाहिजे, मधली जागा कुठून आली? नागसेन दिव्याचे उदाहरण देतो: रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि तिसऱ्या प्रहरातली ज्योत एकच आहे काय? नाही. पण दिवे दोन आहेत काय? तेही नाही. मग तो प्रश्न थेट दंडाच्या दारात नेतो. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, याने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. मी दोषी नाही. राजा, तू त्याला सोडशील? मिलिंद म्हणतो, नाही, शिक्षा देईन. शेवटी नेलेले आंबे पेरलेल्या आंब्यांपासूनच आले.

ग्रीकांच्या जगात याचा जुळा किस्सा आहे. सिसिलीचा नाटककार एपिकार्मस याच्या नावावर तो सांगतात. कर्जदार म्हणतो, खड्यांच्या ढिगात एक खडा घातला की संख्या बदलते; माणूसही रोज वाढतो-झिजतो; कर्ज घेणारा मी आज उरलो नाही, मग फेडू कशाला? सावकार चिडून त्याला बदडतो. कर्जदार तक्रार करू लागतो तेव्हा सावकार म्हणतो, मारणारा मी वेगळा, आता समोर उभा आहे तो वेगळा. दोन्ही गोष्टींत युक्तिवादाची परीक्षा तर्काच्या वहीत होत नाही, देण्याघेण्यात होते. फरक एवढाच की ग्रीक किस्सा हसवून थांबतो, नागसेन मात्र त्यातून उत्तर काढतो: ‘तोच’ आणि ‘दुसरा’ हे दोन्ही शब्द टिकाऊ वस्तू गृहीत धरतात, आणि वस्तूऐवजी प्रवाह असेल तर दोन्ही शब्द चुकीचे लागू होतात. इथे नियम मोडलेला नाही, प्रश्नातले गृहीतक नाकारलेले आहे.

याच वळणावर पिऱ्होचे नाव घ्यावे लागते. एलिसचा हा तत्त्वज्ञ अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर ॲनेक्झार्कसच्या संगतीने भारतात आला आणि इथल्या नग्न तपस्व्यांना भेटला, असे डायोजिनीस लाएर्शियसने लिहिले आहे. परत गेल्यावर त्याची शिकवण अशी सांगितली जाते: प्रत्येक गोष्टीबद्दल म्हणावे की ती आहे यापेक्षा नाही असे अधिक नाही, किंवा ती आहेही आणि नाहीही, किंवा ती आहेही नाही आणि नाहीही नाही. भारतीय वाचकाला यात लगेच चतुष्कोटी, म्हणजे चार पर्यायांची मांडणी, ओळखू येते. मगधात बुद्धाच्या काळी संजय बेलट्ठिपुत्त असेच कुठलेही विधान हाती न लागू देता बोलत असे, याची नोंद ‘दीघनिकाया’त आहे. पिऱ्होने हे भारतातून नेले का, यावर अलीकडे पुस्तके निघाली आहेत. साम्य थक्क करणारे आहे, पण पुरावा तिसऱ्या-चौथ्या हाताचा आहे. मी त्यावर इमारत बांधणार नाही. दक्खनशी यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, संबंध पक्क्या पुराव्याने दाखवता येतो, पण तो व्यापाराचा आणि दानाचा आहे: कार्ल्याच्या चैत्यात यवनांनी दिलेले खांब आहेत, आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकाग्रंथात भडोचहून पैठणची वाट वीस दिवसांची सांगितली आहे. या वाटेने तत्त्वज्ञान आले-गेले असे दाखवणारा एकही कागद किंवा शिलालेख नाही.

पैठणचे नाव आणखी एका कारणाने निघते. नागार्जुनाचे ‘सुहृल्लेख’ हे पत्र एका सातवाहन राजाला लिहिलेले आहे अशी परंपरा आहे, आणि पैठण ही सातवाहनांची राजधानी. नागार्जुनाचे ठाणे बहुधा कृष्णेच्या काठी आंध्रात होते, त्यामुळे त्याला ओढून गोदाकाठी आणण्याची गरज नाही. पण भारतीय विचार विसंगती सहन करतो असे म्हणणाऱ्यांचा तो पहिला साक्षीदार असतो, म्हणून त्याची साक्ष तपासली पाहिजे. ‘मूलमध्यमककारिके’त तो एखादी गोष्ट आहे, नाही, आहे-नाही, दोन्ही नाही, या चारही कोटी मांडतो आणि बहुतेक ठिकाणी चारही नाकारतो. ती नाकारताना वापरतो काय? आठव्या प्रकरणात कर्ता एकाच वेळी असलेला आणि नसलेला असू शकत नाही, कारण असणे आणि नसणे परस्परविरुद्ध आहेत, ते एका ठिकाणी कसे राहतील, असे तो स्पष्ट विचारतो. तिसरी कोटी तो विसंगतीच्याच आधारे पाडतो. चौथीसाठी त्याच्या मध्यमक परंपरेने ‘नाही’चे दोन प्रकार वेगळे केले. एका नकारात दुसऱ्या कशाचा तरी स्वीकार दडलेला असतो, दुसऱ्यात नुसता निषेध असतो. मध्यमकाचा नकार दुसऱ्या प्रकारचा. प्लेटोने ‘नाही’ म्हणजे ‘वेगळे’ असे ठरवून टाकले होते; मध्यमकांनी नेमका तोच अर्थ घेतला नाही. माझ्या दृष्टीने नागार्जुन आणि ॲरिस्टॉटल यांच्यातले खरे अंतर इथे आहे.

वेरूळच्या डोंगरात हा वाद दगडाइतका जवळ येतो. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कैलास लेणे कोरले जात होते. ढोबळमानाने त्याच शतकात शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहिले, आणि जैन तार्किक अकलंकानेही त्याच शतकात ग्रंथ रचले. पुढच्या शतकांत इंद्रसभा आणि शेजारची जैन लेणी आकाराला आली. जैनांचे म्हणणे असे: घट स्वतःच्या द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव यांच्या अपेक्षेने आहे, दुसऱ्याच्या अपेक्षेने नाही, दोन्ही क्रमाने पाहिले तर आहे आणि नाही, दोन्ही एकदम सांगायचे तर अवक्तव्य, आणि अवक्तव्याची आधीच्या तिघांशी जोड करून आणखी तीन भंग. हीच सप्तभंगी. प्रत्येक विधानामागे ‘स्यात्’, म्हणजे एका अपेक्षेने.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात यावर जो घाव घातला, तो वाचताना ॲरिस्टॉटल शेजारी बसल्यासारखा वाटतो. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसताना युक्तिवाद तोच आहे. एका धर्मीत सत्त्व आणि असत्त्व एकाच वेळी राहू शकत नाहीत, जसे थंड आणि गरम राहू शकत नाहीत. आणि पुढे: तुमचा निर्णयच जर ‘आहेही, नाहीही’ असा डळमळीत असेल, तर तुमचा तीर्थंकर उपदेश कशाचा करतो, आणि अनुयायांनी कोणत्या खात्रीने आचरण करावे? मेगाराच्या वाटेवर विचारलेला प्रश्न इथे मोक्षाच्या वाटेवर विचारला जातो.

जैनांचे उत्तर मात्र कमकुवत नाही, आणि मला त्यात शंकराचार्यांपेक्षा अधिक वजन दिसते. आम्ही विरोध मान्य करतच नाही, असे ते सांगतात. एकच माणूस पिता आहे आणि पुत्रही आहे; एकाच अपेक्षेने असता तर विरोध झाला असता. जैन आचार्य समंतभद्रांनी तर अनेकान्त, म्हणजे वस्तूला अनेक बाजू असतात हे मत, स्वतः एकान्त आहे की अनेकान्त, हाही प्रश्न ओढवून घेतला आणि प्रमाणाच्या (समग्र ज्ञानाच्या) अंगाने व नयाच्या (एका बाजूने पाहण्याच्या) अंगाने वेगवेगळे उत्तर दिले. ॲरिस्टॉटलच्या सूत्रातला ‘एकाच बाजूने’ हा शब्दप्रयोग काढून तो प्रत्येक विधानाच्या माथ्यावर बसवला की स्याद्वाद होतो. जैनांनी नियम मोडला नाही, त्यातली अट विसरू नये म्हणून ती उच्चारायला लावली. शंकराचार्यांचा आक्षेप ती अट विसरणाऱ्या स्याद्वाद्यावर लागू पडतो, अकलंकावर नाही. विसाव्या शतकात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांना याच सप्तभंगीत संभाव्यतेच्या विचाराची चाहूल लागली.

अटीचे हे काम सर्वांत काटेकोरपणे केले ते नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या तार्किकांनी. त्यांचे गाजलेले उदाहरण झाडावरच्या माकडाचे. फांदीवर माकड बसले आहे. झाडाला माकडाचा संयोग आहे की नाही? फांदीच्या ठिकाणी आहे, मुळाच्या ठिकाणी नाही. एकाच झाडात एकाच वेळी संयोग आणि त्याचा अभाव. यासाठी नव्यन्यायाने अवच्छेदकाची परिभाषा उभी केली: कोणत्या जागेपुरता, कोणत्या काळापुरता, कोणत्या धर्मापुरता. प्लेटोचा भोवरा आणि हे माकड एकाच गावचे. पण ग्रीकांनी जे एका वाक्यात सोडून दिले त्यावर मिथिलेत शेकडो वर्षे काम झाले.

दहाव्या-अकराव्या शतकातला नैयायिक उदयन ‘न्यायकुसुमांजली’त म्हणतो की परस्परविरोध असला की तिसरा प्रकार उरत नाही. त्याच ग्रंथात त्याने संशयाला सीमा घातली. संशय कुठवर घ्यायचा? कृतीशी व्याघात होईपर्यंत. नव्यन्यायाच्या गंगेशाने पुढे ते उलगडून दाखवले: धूर आणि अग्नी यांच्या संबंधावर शंका घेणारा माणूस धूर हवा असला की विस्तवाकडेच जातो; भूक लागली की अन्नाकडे जातो; दुसऱ्याला समजवायचे असले की बोलतो. बोलतो, हा शब्द महत्त्वाचा. ॲरिस्टॉटलने जिथे प्रतिवाद्याला पकडले होते तिथेच गंगेशाने पकडले. मधल्या काळात, बाराव्या शतकात, श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्या’त उदयनाचेच शब्द फिरवून उत्तर दिले होते: व्याघात दाखवायचा तर शंका आधी असावी लागते, मग व्याघात शंकेला थांबवणार कसा? हा प्रश्न आजही सुटलेला नाही, आणि ॲरिस्टॉटलच्या पेचालाही तो तसाच लागू पडतो.

मराठीत हा वाद आला तो ज्ञानेश्वरांच्या हातून. पैठणजवळचे आपेगाव हे त्यांच्या घराण्याचे गाव. ‘अमृतानुभवा’चे सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे आणि ते सरळसरळ वादग्रंथाच्या शैलीत चालते. शांकर परंपरेत अविद्या सत् नाही, असत् नाही, दोन्हींहून निराळी व अनिर्वचनीय मानली जाते. जैनांना ‘दोन्ही’ म्हणू न देणाऱ्या परंपरेने स्वतः ‘दोन्ही नाही’ची जागा राखून ठेवली होती. रामानुजांनी त्यावर बोट ठेवले, आणि ज्ञानेश्वरांनी आपल्या वाटेने ठेवले. अज्ञान ज्ञानाच्या आश्रयाला राहते म्हणता, तर ते त्याला अज्ञानी का करत नाही? करत नसेल तर त्याला अज्ञान हे नाव कशाला? एकेक घर बंद करत ते अज्ञानाला उभे राहायला जागाच ठेवत नाहीत. अद्वैताचा अनुभव शब्दांपलीकडचा आहे असे सांगणारा कवी, शब्दांतली विसंगती मात्र चालू देत नाही. पाचव्या प्रकरणात सत्, चित्, आनंद ही पदे वस्तूचे वर्णन करत नाहीत, असत्, जड आणि दुःख यांना फक्त बाहेर ठेवतात, असेही त्यांनी सांगितले आहे. मौनाकडे जायचे तरी वाट तर्कातूनच काढायची, ही त्यांची शिस्त मराठी वाचकांच्या पुरेशी लक्षात आलेली नाही असे मला वाटते.

आधुनिक काळात या वादाला जाग आणली पोलंडच्या यान लुकासिएविचने. १९१० साली त्याने ॲरिस्टॉटलच्या या नियमावर अख्खे पुस्तक लिहिले आणि ॲरिस्टॉटलचे एकूण एक युक्तिवाद तपासून ते अपुरे ठरवले. मग नियम टाकून द्यायचा का? त्याचे उत्तर होते: नाही. तर्काच्या दृष्टीने तो सिद्ध होत नसला तरी चूक आणि खोटेपणा यांच्याविरुद्ध माणसाच्या हाती तेवढेच एक शस्त्र आहे. खुनाचा खोटा आरोप झालेल्या माणसाने, आपण त्या वेळी दुसरीकडे होतो असे सिद्ध केले, आणि न्यायाधीश म्हणाला की तू तिथेही होतास आणि इथेही, तर त्या माणसाने काय करावे? यानंतरही गोष्ट थांबली नाही. लुकासिएविचने स्वतः तीन मूल्यांचे तर्कशास्त्र मांडले, आणि अलीकडे ग्रॅहम प्रीस्टसारखे तत्त्वज्ञ काही विसंगती खरोखर सत्य असतात असे म्हणतात आणि नागार्जुनाचा दाखला देतात. ‘मी खोटे बोलतो आहे’ या जुन्या कोड्यावर त्यांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. नागार्जुनाचा त्यांनी लावलेला अर्थ मात्र मला वर सांगितलेल्या कारणाने पटत नाही.

सगळे पाहिल्यावर माझा निष्कर्ष असा आहे. विसंगती खपवून घेणारी भारतीय परंपरा शोधू गेलो तर हाती येते ती ‘कोणत्या बाजूने, किती वेळापुरते, कोणत्या अर्थाच्या नकाराने’ हे विचारणारी परंपरा. ग्रीक आणि भारतीय यांच्यात भांडण नियमावर नाही, त्याच्या अटींवर आहे. आणि त्या भांडणात एका बाजूला सगळे ग्रीक व दुसऱ्या बाजूला सगळे भारतीय असे कधीच नव्हते. क्रॅटिलस आणि संजय एका बाजूला, ॲरिस्टॉटल, शंकराचार्य आणि उदयन दुसऱ्या बाजूला, आणि अकलंक त्यांच्या मधे उभा राहून दोघांनाही अट वाचून दाखवतो.

नियम टिकतो तो विश्व तसे घडले आहे म्हणून, की बोलणाऱ्या दोघांना त्याशिवाय बोलता येत नाही म्हणून? ॲरिस्टॉटल पहिले म्हणतो, पण त्याचा युक्तिवाद दुसरेच दाखवतो. दुसऱ्या माणसासमोर एक शब्द अर्थासह उच्चारला की आपण बांधले जातो, हेच त्याला सिद्ध करता आले आहे. मिलिंदपञ्हात याला अनुरूप एक प्रसंग आहे. वाद पुढे चालवण्याआधी नागसेन राजाला अट घालतो: तू पंडितांसारखा वाद करणार असशील तर करू, राजासारखा करणार असशील तर नाही. फरक काय, असे राजा विचारतो. नागसेन सांगतो, पंडितांच्या वादात एकमेकांना पेचात पकडतात, चूक दाखवतात, मान्य करतात, आणि कोणी रागावत नाही. राजाच्या वादात राजाचे विधान न मानणाऱ्याला दंड होतो. राजा पंडितांचा वाद पत्करतो. ज्याच्या हाती दंड आहे त्याला ‘आहे’ आणि ‘नाही’ एका दमात म्हणता येते, कारण त्याला कोणी अडवत नाही. अव्याघाताचा नियम बरोबरीच्या माणसांत चालतो, आणि तो चालतो तिथे माणसे बरोबरीची होतात. १९५० साली ज्यांना वर्गात पहिल्यांदा बसायला मिळाले त्या मुलांसाठी बाबासाहेबांनी हेच नाव निवडावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मराठीतल्या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांना म्हणून एक विनंती. पारंपरिक तर्कशास्त्रात हा नियम विचाराच्या तीन नियमांपैकी एक म्हणून शिकवला जातो आणि दोन ओळींत संपतो. त्याऐवजी ‘मेटॅफिजिक्स’च्या चौथ्या पुस्तकातली ती सहा प्रकरणे, मेण्डकपञ्हातले चार-दोन प्रश्न, स्याद्वादावरचे शांकरभाष्य व त्याला जैनांचे उत्तर, आणि ‘अमृतानुभवा’चे सातवे प्रकरण, एवढे एकत्र करून सटीप मराठीत एक छोटे पाठ्यपुस्तक करा. वेरूळला सहल नेण्याआधी विद्यार्थ्यांना ते वाचायला द्या.